घे गं, वीजवाल्यांचंच नेट घे

अगं, तुझा मेसेज वाचून हसूच आलं. ‘ताई, इथली वीज कंपनी म्हणते इंटरनेटही आमच्याकडूनच घ्या. हा गंडवायचा प्रकार तर नाही ना?’ शंका रास्त आहे तुझी. चाकणहून आलेल्या मुलीच्या डोक्यात वीज कंपनी म्हणजे एमएसईबी. महावितरण होऊन किती वर्षं झाली, तरी आपल्या तोंडी एमएसईबीच. म्हणजे मीटर, लाईट बिल आणि डीपीपाशी शिडी लावून उभा असलेला वायरमन. त्या वायरमनने उद्या खाली उतरून ‘वहिनी, वायफायचा पासवर्ड लिहून घ्या’ म्हटलं, तर आपण आधी त्याचं ओळखपत्र मागू.

तर आधी तुझा जीव भांड्यात पडू दे. चॅटनूगाची ईपीबी खरीखुरी आहे, नेटही खरंच देते आणि चांगलं देते. तुझ्यापुढे सध्या काय काय वाढून ठेवलंय ते मला कळतंय गं. नवरा फोक्सवॅगनच्या प्लांटवर रुजू झालाय, सामान अजून बोटीवर आहे, लेकाची शाळा, बँक, लायसन्स, आणि त्यात रोज फोनवर कुणीतरी ‘आमचं नेट घ्या’ म्हणतंय. यातलं नेटचं कोडं तरी आज आपण दोघी मिळून सोडवून टाकू. चहा घेऊन बस.

ही ईपीबी म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर बोर्ड. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या कायद्याने १९३५ साली चॅटनूगा शहरासाठी स्थापन झालेलं मंडळ. तिला कुणी शेठ नाही आणि तिचे शेअर बाजारात नाहीत. वीज ती स्वतः बनवत नाही. ती घाऊक घेते टेनेसी व्हॅली अथॉरिटीकडून, म्हणजे १९३३ साली रूझवेल्ट यांच्या काळात केंद्र सरकारने नदीवर धरणं बांधायला काढलेल्या संस्थेकडून, आणि घरोघर पोचवते. साधारण सहाशे चौरस मैलांचा टापू तिच्याकडे आहे. हा टापू लक्षात ठेव, पुढे कामाला येणार आहे.

आता तुझा खरा प्रश्न. विजेचा धंदा सोडून हे लोक नेटच्या भानगडीत पडले कशाला?

खरं सांगू का, ते विजेसाठीच पडले. बाहेर पडलीस की रस्त्याकडेच्या खांबांकडे जरा मान वर करून बघ. टोकाला विजेच्या तारा, त्यांच्या बऱ्याच खाली टेलिफोनच्या आणि केबलच्या. अधूनमधून एखाद्या खांबाच्या टोकाशी एक आडवं, धिप्पाड, करड्या रंगाचं यंत्र दिसेल. तो स्वयंचलित स्विच. असे हजाराहून जास्त स्विच ईपीबीने बसवलेत. इथे झाडी किती आहे ते तू बघतेसच. वादळात एखादं झाड तारेवर आडवं पडतं. पूर्वी मग अख्ख्या लाईनीवरची घरं अंधारात जायची आणि गाडी घेऊन माणसं दोष शोधत फिरायची. आता हे स्विच एकमेकांशी बोलतात. बिघाड नेमका कोणत्या दोन खांबांमध्ये आहे ते ताडतात, तेवढा तुकडा बाजूला काढतात आणि बाकीच्यांना दुसरीकडून वीज फिरवून देतात. तुझ्या घरात दिवा एकदा लुकलुकतो आणि पुन्हा लागतो, बस. या बोलण्याला वेळ किती लागतो, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत. मोबाईलच्या रेंजवर विसंबून राहण्यापेक्षा ईपीबीने त्यासाठी प्रत्येक स्विचपर्यंत फायबर नेलं. मीटर रीडिंगही त्याच जाळ्यातून जातं, म्हणून इथे मीटर बघायला कुणी दारात येत नाही.

५ जुलै २०१२ ला इथे वाऱ्याचं मोठं वादळ झालं होतं. या स्विचांमुळे त्या वेळी सगळ्यांची वीज सुमारे १७ तास लवकर परतली, असं अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अहवालात आहे. सतरा तास म्हणजे काय ते फ्रीजमध्ये डोशाचं पीठ, चार लिटर दूध आणि फ्रीजरमध्ये गोठवलेलं ओलं खोबरं असलेल्या बाईला विचार.

आता हे फायबर एकदा टाकलं की त्यात जागा इतकी असते की स्विचांच्या गप्पांना त्यातला कणभरही पुरतो. उरलेलं काय करायचं? आपल्या आज्यांनी काय केलं असतं? भातासाठी चूल पेटलीच आहे तर वर आंघोळीचं पाणीही तापत ठेवायचं. ईपीबीने तेच केलं. खांब स्वतःचे, त्यावर चढायची माणसं स्वतःची, गिऱ्हाइकांची यादी हाताशी, दरमहा बिल जातच होतं. बाहेरच्या कंपनीला यातली एकेक गोष्ट मिळवायला खांबमालकाच्या पाया पडावं लागतं, भाडं द्यावं लागतं, आधीच्या तारा सरकवून घ्यायला महिनोन्‌महिने थांबावं लागतं. यांनी २००९ मध्ये घरोघर फायबर द्यायला सुरुवात केली आणि सप्टेंबर २०१० मध्ये सांगून टाकलं की आमच्या टापूतल्या कुठल्याही घराला एक गिगाबिटचा वेग मिळेल. अमेरिकेतल्या मोठमोठ्या शहरांत तेव्हा हे नव्हतं. पहिला दर मात्र महिना ३५० डॉलर! तेव्हा कुणी घेतलं असेल देव जाणे. २०१३ मध्ये तोच वेग सत्तर डॉलरच्या आत आला, तेव्हा लोकांनी खरा हात पुढे केला.

पैसा कुठून आला, हेही तू विचारणारच, हिशेबी आहेस म्हणून मला आवडतेस. सुमारे २२ कोटी डॉलरचे रोखे काढले आणि २००९ च्या मंदीनंतरच्या मदतीतून ऊर्जा खात्याने स्मार्ट ग्रिडसाठी ११.१५ कोटी डॉलर दिले. त्यामुळे दहा वर्षांचं काम भराभर उरकलं. केबल कंपन्यांना हे रुचलं नाही. सरकारी मंडळाने आमच्या धंद्यात येऊ नये म्हणून त्या आधीच कोर्टात गेल्या होत्या. ते दावे टिकले नाहीत. विजेच्या गिऱ्हाइकाच्या पैशांवर नेट स्वस्त विकायचं नाही, दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवायचे, असा इथला कायदा आहे. म्हणजे तू नेट घेतलंस की न घेतलंस, लाईट बिलावर त्याचा बोजा पडायला नको, अशी तजवीज आहे.

पण मी काही या लोकांची जाहिरात करायला बसलेली नाही हं. वीजवाले किंवा नगरपालिका नेटमध्ये उतरली की सगळीकडे सोन्याचा धूर निघतो असं अजिबात नाही. युटा राज्यात प्रोव्हो नावाचं गाव आहे. तिथल्या पालिकेने सुमारे ३.९ कोटी डॉलरचे रोखे काढून ‘आयप्रोव्हो’ नावाचं फायबरचं जाळं विणलं. राज्याच्या कायद्यामुळे गिऱ्हाइकाला थेट विकणं कठीण, म्हणून मधल्या कंपन्यांना घाऊक विकायचं ठरलं. गणित बसलं नाही. २०१३ मध्ये ते अख्खं जाळं गूगलला एका डॉलरला देऊन टाकलं. कर्ज मात्र गावाकडेच राहिलं, आणि ते फेडायला घरोघरच्या बिलात महिना ५.३५ डॉलर लागले, मग त्या घरात नेट असो वा नसो. त्यामुळे उद्या नवऱ्याची बदली दुसरीकडे झाली आणि तिथलेही वीजवाले ‘फायबर घ्या’ म्हणाले, तर डोळे मिटून हो म्हणू नकोस. शेजारणीला विचार, नेट कितीदा जातं आणि फोन केला की माणूस बोलतो की यंत्र.

बरं, आता टापूची गोष्ट. ही सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून जरा दमाने सांगते.

ईपीबीचं नेट फक्त ईपीबीची वीज जिथे आहे तिथेच मिळतं. एका रस्त्याच्या या बाजूला गिगाबिट आणि पलीकडे रडतखडत चालणारं काहीतरी, अशी घरं इथे खरंच होती. शेजारच्या ब्रॅडली काउंटीतले लोक वर्षानुवर्षं मागत होते, ईपीबी द्यायला तयार होती, पण राज्याचा कायदा म्हणे विजेच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही. २०१४ मध्ये ईपीबीने दिल्लीश्वरांकडे, म्हणजे वॉशिंग्टनच्या दूरसंचार आयोगाकडे, दाद मागितली. फेब्रुवारी २०१५ मध्ये आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी तिच्या बाजूने कौल दिला. टेनेसी राज्य अपिलात गेलं आणि ऑगस्ट २०१६ मध्ये कोर्टाने आयोगाचा निर्णय रद्द केला. हद्द होती तिथेच राहिली. मला विचारशील तर हा कायदा लोकांच्या सोयीसाठी केलेला नाही, केबलवाल्यांच्या सोयीसाठी आहे. असो. २०१७ मध्ये राज्याने एवढं केलं की खेड्यापाड्यांतल्या वीज सहकारी संस्थांना नेट विकायची मुभा दिली. सहकारी म्हणजे आपल्याकडे साखर कारखाने आणि दूधसंघ, इथे वीज. गिऱ्हाईकच सभासद. त्यामुळे गावाबाहेर स्वस्तात मोठं घर मिळतंय म्हणून भुललात, तर आधी तिथली वीज कुणाची ते विचारायचं. ‘हो हो, इथे इंटरनेट आहे’ या घरमालकाच्या वाक्यावर जायचं नाही. इंटरनेट सगळीकडे ‘आहे’च असतं. अचूक पत्ता, अपार्टमेंटच्या नंबरासकट, ईपीबीच्या साईटवर टाकून बघ. बिल्डिंगपर्यंत फायबर आलंय पण तुझ्या खोलीपर्यंत जुनीच तार आहे, असंही असतं, तेही विचार.

जाहिरातीत ‘फायबर’ शब्द दिसला म्हणून पाघळू नकोस. काही जण फायबर गल्लीच्या तोंडापर्यंत आणतात आणि पुढे तांब्याची केबल. एक सोपी खूण सांगते. डाउनलोडचा वेग विचारून झाला की अपलोडचा विचार. केबलवाला तिथे जरा चाचरतो. ईपीबीचे दोन्ही वेग सारखे असतात. तुला वाटेल अपलोडचं मला काय काम? अगं, रोज आईला व्हिडिओ कॉल लावणार ना? तुझा चेहरा आईपर्यंत पोचतो तो अपलोडमधून. आई तुला स्वच्छ दिसते आणि तिकडून ती ओरडते, ‘तू अडकलीयेस गं, नुसतं नाक दिसतंय,’ हा सगळा अपलोडचा प्रताप. त्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर, म्हणजे तुझी सकाळ आणि तिची संध्याकाळ एवढीच फट. नवरा त्याच वेळी मीटिंगमध्ये असणार.

दुसरं, पहिल्या वर्षीच्या दराला भुलायचं नाही. इथे यायच्या आधी आम्ही दुसऱ्या राज्यात होतो. तिथल्या एका कंपनीकडून मी मोठ्या ऐटीत स्वस्त नेट घेतलं आणि चार जणींना सांगितलंही. वर्ष सरलं आणि बिल असं फुगलं की ते मी दोन दिवस नवऱ्यापासून डब्यात लपवून ठेवलं. पोह्यांच्या. मोडेमचं भाडं वेगळं, करार मोडायचा दंड वेगळा. तेव्हापासून मी चार गोष्टी तोंडपाठ विचारते, आणि तूही विचार: हा दर किती महिन्यांचा, करार आहे का, यंत्राचं भाडं किती, महिन्याला वापराची मर्यादा आहे का. ईपीबीकडे करार नाही आणि वापराची मर्यादाही नाही. तरी विचार. विचारणारं गिऱ्हाईक आहे हे समोरच्याला कळलेलं बरं.

वेग किती घ्यायचा? तिथे तर जत्रा भरलीये. एक गिग, अडीच गिग, २०१५ पासून दहा गिग, २०२२ पासून पंचवीस गिगसुद्धा. पंचवीस गिग! तुला काय रॉकेट सोडायचंय? तिघांचं घर, एक टीव्ही, दोन लॅपटॉप आणि फोन. सगळ्यात खालचा प्लॅन घे आणि महिनाभर बघ. अडलं तरच वाढव, एका फोनचं काम आहे. नवरा म्हणेल, ‘ऑफिसमध्ये सगळ्यांकडे गिग आहे.’ त्याला म्हणावं, सगळ्यांच्या बायका वेगळ्या आहेत.

आणि बघ, एक गोष्ट मनावर घे. वीज आणि नेट, दोन्हींपैकी निदान एक खातं तुझ्या नावावर काढ. आपण बायका सवयीने ‘ह्यांच्या नावावर राहू दे’ म्हणतो, आणि मग जिथे जाऊ तिथे पत्त्याचा पुरावा मागतात तेव्हा आपल्या नावाचं काहीच नसतं. टेनेसीत लायसन्स काढताना राहत्या पत्त्याचे दोन पुरावे लागतात. घरभाड्याच्या करारावर तुझंही नाव आणि लाईट बिल तुझ्या नावाचं असलं, तर तुझं काम झालं. सोशल सिक्युरिटी नंबर अजून आला नसेल तर ओळखपत्र म्हणून काय चालेल आणि अनामत लागेल का, ते फोनवर आधीच विचारून घे. इंग्रजी बोलताना अडखळशील म्हणून घाबरतेस ना? इकडच्या दक्षिणी लोकांचं बोलणं मलाही सुरुवातीला काही कळायचं नाही. ‘प्लीज स्लोली’ म्हणायचं. ते खरंच सावकाश बोलतात, वर ‘हनी’ म्हणतात.

आता बसवायचा दिवस. जो कुणी येईल त्याला बूट काढायला सांगू नकोस, तो बुटांवर पिशव्या चढवतो. तो आत एक बारीक तार आणेल. तिच्या पोटात काचेचा धागा असतो, केसाएवढा, आणि त्यातून प्रकाश पळतो. तो भिंतीवर एक छोटी पेटी लावेल. तिला ओएनटी म्हणतात. प्रकाशाचं ती तुझ्या राउटरला कळेल अशा भाषेत रूपांतर करते. त्या बारीक तारेला हात लावायचा नाही, ती सोफ्याखाली दाबायची नाही, खिळ्याला गुंडाळायची नाही, सफाई करताना ओढायची नाही. काटकोनात मुडपली की प्रकाश वळणावरच सांडतो आणि नेट मंदावतं. लेकाला आजच दम देऊन ठेव. पेटीवरचा लाल दिवा लागला तर एकदा बंद करून चालू कर, तरी लाल राहिला तर फोन कर. उघडून बघायचं नाही. तुला आणि विशेषतः नवऱ्याला सांगतेय, हे इंजिनिअर लोक फार उचापती.

राउटरची जागा तू ठरव, तंत्रज्ञावर सोडू नकोस. त्याला लवकर निघायचं असतं, म्हणून तो दाराजवळच्या कपाटातच ठेवतो. घराच्या मध्यावर, कमरेच्या वर, उघड्यावर. माझं ऐक. मी तो दिसायला वाईट दिसतो म्हणून पितळेच्या डब्यांच्या मागे फळीवर ठेवला होता आणि पुढे महिनाभर सगळ्या जगाला नावं ठेवली. पितळेच्या आरपार वायफाय जात नाही म्हणे. इथल्या लाकडी भिंतीतून ते मजेत जातं, पण फ्रीज, आरसा आणि मायक्रोवेव्ह ही तीन माणसं त्याच्या वाटेत नकोत. टीव्ही राउटरच्या शेजारी असेल तर त्याला तारेनेच जोड. आणि फोनवर वेग मोजून ‘पैसे घेतले तेवढं येत नाही’ म्हणून भांडायला उठू नकोस. वायफायवर फोनला कमीच दिसतं. भांडायचंच असेल तर लॅपटॉपला तार लावून मोज, मग भांड. मुद्द्यावर भांडलेलं लागू पडतं.

लाईट गेली तर नेट जाईल का? हा प्रश्न तू अजून विचारला नाहीस, पण पहिल्या वादळाच्या रात्री नक्की विचारशील. काचेच्या धाग्यातून वीज जात नाही, आणि कंपनीच्या केंद्रापासून तुझ्या भिंतीपर्यंत मध्ये जिथे धागे फाटे फोडतात तिथेही वीज लागत नाही. जुन्या केबलच्या लाईनीवर जागोजागी वीज खाणारी यंत्रं असतात, तसं यात नसतं. म्हणजे ओएनटी आणि राउटर या दोघांना एक छोटा यूपीएस लावलास, तर घरात अंधार असला तरी बहुतेक वेळा नेट चालू राहतं. इथे हे चैनीचं काम नाही गं. एप्रिल-मे म्हणजे टोर्नेडोचे दिवस. २०२० मध्ये ईस्टरच्या रात्री इथल्या ईस्ट ब्रेनर्डच्या भागात टोर्नेडो घुसला तेव्हा सगळं जग लॉकडाऊनमध्ये घरात बसलेलं होतं. अशा वेळी सावधानतेचा इशारा आणि आईचा कॉल, दोन्ही यायला हवेत. अर्थात खांबच मोडून पडला तर वीज आणि नेट हातात हात घालून जाणार. त्यातल्या त्यात बरं एवढंच की दुरुस्त करणारे एकाच घरचे. ‘ते आमचं काम नाही, त्यांना विचारा’ ऐकावं लागत नाही. मोबाईल मात्र चार्ज करून ठेवत जा.

स्मार्ट मीटर घरातलं बोलणं ऐकतो का, असंही तुला कुणीतरी सांगितलंय. ऐकत नाही. तो विजेचा वापर थोड्या थोड्या वेळाने कळवतो, एवढंच. तोच आकडा तुलाही बघता येतो, आणि बघच. कपडे वाळवायचं मशीन आणि गरम पाण्याची टाकी किती वीज खातात ते एकदा कळलं, की तू स्वतःच दोरी बांधायला जागा शोधशील. (अपार्टमेंटच्या बाल्कनीत दोरी चालते का ते आधी करारात वाच. मी वाचलं नव्हतं.)

लेकाच्या शाळेचं एक सांगते. करोनाच्या वेळी, जुलै २०२० मध्ये, ईपीबी आणि आपल्या इथल्या हॅमिल्टन काउंटीच्या शाळांनी मिळून एक योजना काढली. ज्या घरांतल्या मुलांना शाळेत मोफत किंवा सवलतीत जेवण मिळतं, त्यांना १०० एमबीपीएसचं नेट फुकट, दहा वर्षांची हमी देऊन. सुमारे २८,००० मुलं त्यात बसत होती. तुझ्या घराला ती लागू होणार नाही बहुधा, नवऱ्याचा पगार आडवा येईल. पण लेकाच्या वर्गात अशी मुलं असतील आणि गृहपाठ सगळा ऑनलाईन असतो, तेव्हा त्यांच्याकडेही तेवढंच चांगलं नेट आहे याचं मला फार बरं वाटतं. बाकी कुणाच्या प्रेमात पडायचं नाही म्हटलं तरी या एका गोष्टीसाठी मी या वीजवाल्यांना माफ करते, त्यांच्या फोनवरच्या प्रतीक्षासंगीतासकट.

आणि सासरे म्हणत होते ना, ‘असलं काही आपल्याकडे नसतं’? त्यांना सांग, शेतावरून जे हायटेन्शनचे मनोरे जातात त्यांच्या अगदी टोकाची तार बघा. ती वीज पडण्यापासून लाईनीला वाचवायला असते, आणि तिच्याच पोटात फायबर घालतात. पॉवरग्रिड देशभर हेच करून आपली जास्तीची जागा टेलिकॉम कंपन्यांना भाड्याने देते. महापारेषणच्या मनोऱ्यांवरूनही आपल्या राज्यात असं फायबर गेलंय. आंध्रने विजेच्या खांबांवरून फायबर ओढून २०१७ च्या डिसेंबरमध्ये घरोघरी महिना १४९ रुपयांत नेट द्यायला काढलं. केरळात तर वीज मंडळ आणि राज्याची आयटी संस्था दोघांनी मिळून ‘केफॉन’ उभं केलं, ५ जून २०२३ ला उद्घाटन झालं, आणि वीस लाख गरीब घरांना फुकट जोडण्या द्यायचं त्यांनी मनात धरलंय. तेवढं गाठणं सोपं नाही. खांबापर्यंत तार नेणं सरकारला जमतं, पण बंद पडल्यावर फोन उचलणं हेच अवघड जातं, तिकडेही आणि इकडेही. सासऱ्यांचा मात्र हा मुद्दा संपवून टाक, म्हणजे ते पुढच्या कॉलवर नुसतं ‘जेवलीस का’ विचारतील.

आता पुढचं. तू म्हणालीस शनिवारी दोन अपार्टमेंट बघायला जाताय. दोन्हींचे पूर्ण पत्ते मला शुक्रवारीच पाठव, मी इथून तपासून सांगते फायबर कुठल्या मजल्यापर्यंत आहे ते. तोपर्यंत कुठेही सही करायची नाही, ‘आजच घेतलंत तर पन्नास डॉलर सूट’ म्हणाले तरी नाही. आणि बॅगेतला मिक्सर इथल्या सॉकेटला लावून बघितलास का? बघू नकोस. इथे १२० व्होल्ट, तो नुसता कण्हत फिरतो आणि चटणीत मिरच्या अख्ख्या राहतात. माझ्याकडे एक जादा आहे इथला, नेट लागलं की येऊन घेऊन जा.